‘नाच’ हा ‘नृत्य’चा अपभ्रंश आहे का?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया या भाषांनाही तो मिळाला. मराठीचं कौतुक झालं ते साहजिकच. पण पाली आणि प्राकृत यांचं आपल्याशी नातं काय, असं कुणी विचारलं, तर ‘मराठी प्राकृतातून आली’ या शाळेतल्या वाक्यापुढे बहुतेकांना जाता येत नाही. आली म्हणजे नेमकं काय झालं? कुणी ठरवून शब्द बदलले? की लोकांना नीट उच्चार जमेनात, म्हणून ते मोडले?

हे समजायला एक साधं क्रियापद पुरेसं आहे: नाचणे. ते मुद्दाम निवडलं आहे, कारण त्याच्याबद्दल एक समज फार घट्ट बसलाय. शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका आठवा. मुलं महिनाभर ‘डान्स’ बसवत असतात, घरी आजी ‘तुझा नाच कधी आहे रे?’ असं विचारते, आणि पत्रिकेवर छापून येतं ‘समूहनृत्य’. तिथे ‘समूहनाच’ छापायला कुणी धजणार नाही. ‘नृत्य’ हा शुद्ध शब्द आणि ‘नाच’ हे त्याचं बिघडलेलं रूप, असं आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळलं की प्राकृतचं नातंही कळतं.

## नाचणे म्हणजे काय?

पाणिनीय परंपरेत ‘धातुपाठ’ नावाची यादी आहे. तीत क्रियापदांची मूळ बीजं, म्हणजे धातू, अर्थासह दिलेली आहेत. तिथे नोंद आहे: ‘नृती गात्रविक्षेपे’. गात्रं म्हणजे अवयव, विक्षेप म्हणजे टाकणं, झोकणं. हातपाय झोकणं एवढाच अर्थ. तालाचा उल्लेख नाही, भावाचा नाही, रंगमंचाचाही नाही.

पुढे शास्त्रकारांनी या ढोबळ अर्थाच्या बारीक फोडी केल्या. दहाव्या शतकातल्या ‘दशरूपक’ या ग्रंथात धनंजयानं ‘नृत्तं ताललयाश्रयम्’ असं म्हटलंय, म्हणजे ताल आणि लय यांच्या आधारानं चालतं ते नृत्त. भावाच्या आधारानं चालतं ते नृत्य. भरतनाट्यम् किंवा कथक शिकणारी मुलं आजही हा फरक पहिल्या काही वर्षांतच शिकतात.

मराठीतलं ‘नाचणे’ या दोन्हींना कवेत घेतं आणि त्यांच्या पलीकडेही जातं. मोर थुईथुई नाचतो, रागावलेला माणूस थयथय नाचतो, आणि ज्याला काहीच जमत नाही त्याचं अंगण वाकडं असतं. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचवतात. पालखीला ना हात ना पाय. माणसं ती खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर झुलवतात, उसळवतात, गर्रकन फिरवतात. धातुपाठातलं ‘गात्र’ इथे उरलंच नाही. उरला तो ठेका. म्हणजे मराठी माणसाच्या मनात नाचण्याचा गाभा शरीरापेक्षा लयीत आहे, हे या एका ‘नाचवणे’वरून दिसतं.

तालावर होणाऱ्या प्रत्येक हालचालीला मात्र आपण नाच म्हणत नाही. लेझीम खेळतात, झिम्मा खेळतात, फुगडी घालतात, फेर धरतात, वारीच्या वाटेवर पावली खेळतात. रत्नागिरीकडच्या लोककलेचं नावच ‘नमन-खेळे’. खेळ आणि नाच यांच्यातली सीमा आपल्याकडे पुसट आहे. शेजारच्या कानडीतही ‘आट’ म्हणजे खेळ, आणि यक्षगानाच्या प्रयोगालाही ‘आट’च म्हणतात. हा विषय मोठा आहे, त्यात आता शिरत नाही. आपल्याला ‘नाच’ कुठून आला ते पाहायचंय.

## ऋग्वेदातलं नाचणं

व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा कुळवृत्तांत. कुळवृत्तांत लिहायचा तर सगळ्यात जुना कागद आधी काढावा लागतो. आपल्याकडचा तो कागद ऋग्वेद, तीन हजार वर्षांहून जुना. त्याच्या पहिल्या मंडलातल्या ९२व्या सूक्तात उषा ‘नृतूरिव’, म्हणजे नर्तकीसारखी, झगमगती वस्त्रं अंगावर घेते.

दुसरा उल्लेख मला जास्त मोलाचा वाटतो. दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त अंत्यविधीचं आहे. मृताला निरोप देऊन माणसं मागे फिरतात आणि म्हणतात: ‘प्राञ्चो अगाम नृतये हसाय’. आम्ही पुढे निघालो आहोत, नाचण्यासाठी आणि हसण्यासाठी. जिवंत असणं म्हणजे काय, हे सांगायला त्या कवीनं दोनच गोष्टी निवडल्या, आणि त्यातली पहिली नाचणं आहे.

तर धातू ‘नृत्’. संस्कृतात धातूंचे दहा गट पाडलेत, त्यांना गण म्हणतात. नृत् चौथ्या गणातला. या गणाची खूण अशी की धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक ‘य’ येऊन बसतो: नृत् + य + ति = नृत्यति, म्हणजे नाचतो. हा ‘य’ लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलंय.

## ‘त्य’चा ‘च्च’ कसा होतो?

‘सत्य’ हा शब्द सावकाश म्हणा. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना मागून टेकतं. लगेच ‘य’ येतो, आणि त्यासाठी जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलावा लागतो. आता हाच शब्द भरभर, दहादा म्हणा. जीभ दोन कामं वेगवेगळी करायचा कंटाळा करते. दातांपाशी जाऊन मग टाळूकडे येण्याऐवजी ती सरळ टाळूशीच टेकते, आणि टाळूशी टेकून होणारा ध्वनी म्हणजे ‘च’. त्य चा च्च होतो तो असा.

ही जुन्या लोकांची चूक वाटत असेल, तर आपलंच आजचं बोलणं ऐका. आपण ‘एज्युकेशन’ म्हणतो, ‘सिच्युएशन’ म्हणतो, ‘ॲक्च्युअली’ म्हणतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिथे ‘ड’ आणि ‘ट’ची अक्षरं आहेत. इंग्रजांच्या जिभेनंही त्या ध्वनींना पुढच्या ‘य’च्या नादानं टाळूकडे ओढलं, आणि आपण तो तयार उच्चार उचलला. जीभ सगळ्यांची सारखीच.

प्राकृत म्हणजे संस्कृताच्या बरोबरीनं लोकांच्या तोंडी असलेल्या भाषा. त्यांच्यात हा बदल सरसकट झाला. सत्य चं सच्च झालं. ‘द्य’ असेल तर त्याच न्यायानं ‘ज्ज’: अद्य चं अज्ज, विद्युत् चं विज्जु. ‘ध्य’ असेल तर ‘ज्झ’: मध्य चं मज्झ. आणि नृत्यति चं पालीत नच्चति, महाराष्ट्री प्राकृतात णच्चइ.

हा मधला ‘नच्च’ फक्त ग्रंथांतच उरलाय असं नाही. महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी अष्टशील, म्हणजे आठ शीलं, ग्रहण करतात. त्यातलं सातवं शील ‘नच्च-गीत-वादित-विसूकदस्सन…’ असं सुरू होतं. नाच, गाणं, वाद्यं आणि तमाशे यांपासून दूर राहण्याचं हे व्रत आहे. विहारात बसलेली आजी ‘नच्च’ म्हणते आणि घरी येऊन नातीला ‘नाच’ म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी एका शब्दाच्या दोन पिढ्या असतात. पाली आपल्यापासून किती दूर, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

पंजाबीतही हा टप्पा जिवंत आहे. तिथे आजही ‘नच्चणा’ म्हणतात, तसंच अज्ज, हत्थ, सत्त, कम्म. लग्नात पंजाबी गाणं वाजतं आणि त्यातलं ‘नच्च’ आपल्याला न सांगता कळतं, ते याचमुळे.

## मराठीनं काय केलं? वजन राखलं

आता शेवटची पायरी. मराठीनं ही जोडव्यंजनं सुटी केली. दोन ‘च’मधला एक सोडला आणि त्याबदली आधीचा स्वर लांब केला. नच्च चं नाच झालं. सच्च चं साच. अज्ज चं आज, विज्जु चं वीज, मज्झ चं माज. (हा शेवटचा ‘माज’ माजघरातला. घराच्या मध्यभागी असतं ते माजघर.) हत्थ चं हात, सत्त चं सात, कम्म चं काम, दुद्ध चं दूध.

स्वर लांबच का झाला? शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू लावलेले आठवत असतील. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं तर ते गुरू मोजायचं, हा नियमही आठवत असेल. त्या नियमानं ‘नच्च’मधला ‘न’ गुरू, दोन मात्रांचा. आता जोडाक्षर काढून टाकलं की ‘न’ एकाच मात्रेचा उरतो आणि शब्द हलका पडतो. म्हणून ‘न’चा ‘ना’ झाला, पुन्हा दोन मात्रा. ध्वनी बदलला, पण शब्दाचा ठेका तोच राहिला. कुठल्या व्याकरणकारानं हे ठरवलं नव्हतं. शेतात, बाजारात, चुलीपाशी बोलणाऱ्या माणसांच्या कानांनी हे वजन राखलं. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

क्रियापदाचं रूपही सरळ उतरलं. नृत्यति, मग नच्चति, मग णच्चइ, मग ‘नाचे’. जुन्या मराठीत ‘नाचे’ म्हणजे ‘नाचतो’. आज आपण वर्तमानकाळासाठी ‘नाचत’पासून बनलेलं ‘नाचतो’ वापरतो, आणि ‘नाचे’ रीतिभूतकाळात गेलं: ‘तो दर वर्षी मिरवणुकीत नाचे.’ म्हणजे शाळेच्या व्याकरणातला हा जुनाट वाटणारा काळ खरं तर ‘नृत्यति’चा थेट वंशज आहे.

मराठीनं आणखी एक ठसा उमटवला. ‘नाच’ म्हणा आणि मग तमाशातला ‘नाच्या’ म्हणा. पहिल्या शब्दात ‘च’ दातांमागे, जवळजवळ ‘त्स’सारखा उमटतो. दुसऱ्यात तो टाळूवर जातो. अक्षर एकच, उच्चार दोन. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ म्हटल्यावरही हेच होतं. मराठीत ‘च’ सहसा दातांकडे सरकला, पण इ, ए, य यांच्या शेजारी तो टाळूवरच राहिला. हिंदीभाषक ‘नाच’ म्हणतो तेव्हा त्याचा ‘च’ ऐका. फरक लगेच कळेल.

## हा नियम, की जुळवाजुळव?

इथे चौकस वाचक अडवेल, आणि अडवावंच. एका शब्दासाठी तीन पायऱ्या लावून काहीही सिद्ध करता येईल, नाही का?

म्हणूनच व्युत्पत्तीत एका शब्दावर भागत नाही. त्याच परिस्थितीतल्या इतर शब्दांनाही तोच नियम लागू पडायला हवा. चौथ्या गणातले, मध्ये ‘य’ घेणारे आणखी धातू घेऊ. माद्यति, मग मज्जइ, मग माजणे. उत्पद्यते, मग उप्पज्जइ, मग उपजणे. युध्यते, मग जुज्झइ, आणि त्यातून झुंजणे. नाचणं, माजणं, उपजणं, झुंजणं ही चारही क्रियापदं एकाच साच्यातून निघालीत. संस्कृतातला तो मधला ‘य’ मराठीत दिसत नाही, पण त्यानं बदललेला ‘च’ किंवा ‘ज’ चारही ठिकाणी उभा आहे.

जुन्या व्याकरणकारांनीही हे हेरलं होतं. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात सूत्र आहे: ‘व्रज-नृत-मदां च्चः’. व्रज्, नृत् आणि मद् या धातूंच्या शेवटी प्राकृतात ‘च्च’ येतो. (मद् चं वर पाहिलेलं ‘मज्जइ’ हे त्याच धातूचं दुसरं प्राकृत रूप.) त्यातल्या व्रज् म्हणजे जाणे या धातूचं रूप होतं वच्चइ. हे वाचताना गोव्याच्या माणसाचे कान टवकारतील. कोंकणीत ‘वचप’ म्हणजे जाणं आणि ‘नाचप’ म्हणजे नाचणं. जुन्या मराठीतही ‘वचणे’ होतं. आपण ते टाकलं, कोंकणीनं जपलं. हेमचंद्रानं एका सूत्रात शेजारी बसवलेली क्रियापदं पणजीच्या बाजारात आजही रोज ऐकू येतात.

उलट, नुसता ध्वनी जुळला म्हणून नातं लावता येत नाही. ‘नाचणी’ या धान्याचं उदाहरण घ्या. भाकरीची नाचणी नाचातून आली, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच धान्याला नाशिककडे ‘नागली’ म्हणतात, तिचं काय करायचं? अर्थाचा धागा लागत नाही तोवर हा फक्त सारखेपणा. ‘नाचण’ या पक्ष्याची गोष्ट वेगळी. शेपटीचा पंखा फुलवून तो फांदीवर सतत गिरक्या घेत असतो. तिथे ध्वनीही जुळतो आणि अर्थही डोळ्यांसमोर दिसतो.

## हिंदीतून तर आला नाही ना?

नाही. हिंदीत नाचना, गुजरातीत नाचवुं, बंगालीत नाचा, पंजाबीत नच्चणा. ही सगळी भावंडं आहेत, आणि भावंडांपैकी कुणी कुणाचा बाप नसतो.

एक शंका मात्र राहते. संस्कृतातला ‘ऋ’ इथे ‘अ’ झाला, तो नेहमी तसाच होतो का? नाही होत. प्राकृतात ऋ चे तीन रस्ते झाले: अ, इ किंवा उ. पृष्ठ या शब्दाचं मराठीत ‘पाठ’ झालं आणि हिंदीत ‘पीठ’. मृत्तिकेची मराठीत ‘माती’ झाली, हिंदीत ‘मिट्टी’. कुठल्या प्रदेशानं कुठला रस्ता घेतला, यावरून भाषांचे स्वभाव ओळखता येतात. आपल्याकडे ‘अ’कडे ओढा दिसतो: तृण चं तण, वृद्धि ची वाढ. नाचाच्या बाबतीत हिंदी आणि मराठी एकाच रस्त्यानं गेल्या इतकंच.

## मग ‘नाच’ भ्रष्ट का मानला गेला?

‘अपभ्रंश’ या शब्दाचा अर्थच घसरणं, पडणं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीनं महाभाष्यात म्हटलं की एकेका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात, आणि उदाहरण दिलं: ‘गौः’ या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. त्यातल्या ‘गावी’कडे नीट पाहा. तीच पुढे ‘गाय’ झाली. पतंजलीनं ज्याला अशुद्ध ठरवलं, तो शब्द आज शाळेच्या पहिल्या निबंधात असतो.

जे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले त्यांना तत्सम म्हणतात, जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहून बदलले त्यांना तद्भव. ‘नृत्य’ तत्सम, ‘नाच’ तद्भव. कल्पना करा, पणजीनं लग्नात आणलेलं तांब्याचं घंगाळ घरात आहे. रोजच्या वापरानं त्याचे काठ झिजलेत, नक्षी गुळगुळीत झालीय. मग घरातल्या कुणीतरी बाजारातून त्याच घडणीचं कोरं घंगाळ आणून दिवाणखान्यात ठेवलं. पाहुण्यांना कोरं दिसतं आणि तेच अस्सल वाटतं. घरात सलग राहिलेलं मात्र झिजलेलंच आहे. ‘नाच’ हा शब्द या घरातून एक दिवसही बाहेर गेला नाही. ‘नृत्य’ पंडितांनी ग्रंथांतून पुन्हा आणला. आणला याबद्दल तक्रार नाही. पण त्याला धाकट्या जागेवर बसवायचं सोडून आपण घरच्यालाच नक्कल ठरवलं.

आणि गंमत बघा, क्षेत्र आणि शेत यांच्या बाबतीत आपण असं करत नाही. ‘शेत’ हा ‘क्षेत्र’चा अपभ्रंश, म्हणून पत्रिकेवर ‘क्षेत्र’ छापा, असं कुणी म्हणत नाही. कर्म आणि काम, ग्राम आणि गाव, हस्त आणि हात या जोड्यांनी कामं वाटून घेतली आणि दोघंही मानानं राहतात. ज्ञानेश्वरीत ‘साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ’ अशा शब्दांचं वर्णन आहे. तिथल्या ‘साच’च्या जागी ‘सत्य’ घालून पाहा, ओळ लंगडते.

## नट आणि नाटक यांचंही हेच घर

शुद्ध-अशुद्धाची भिंत किती तकलादू आहे, हे ‘नट’ या शब्दावरून कळतं. प्राकृतात ‘ऋ’ किंवा ‘र’च्या शेजारचा ‘त’ पुष्कळदा ‘ट’ होतो. वर्तुळ चं वाटोळं, वर्तते चं वाटते. त्याच वळणानं ‘नृत’चा ‘नट’ झाला असं अभ्यासक मानतात. म्हणजे ‘नट’ हाच मुळात लोकांच्या तोंडचा, प्राकृत वळणाचा उच्चार. पण तो इतक्या लवकर संस्कृतात शिरला की धातुपाठात ‘नट’ हा वेगळा धातू म्हणून नोंदला गेला, आणि पाणिनीनं नटसूत्रांचा उल्लेख केला. त्यातून नाट्य, नाटक, आणि मराठीतलं नटणे.

म्हणजे नाट्यशास्त्र हे भारदस्त नाव ज्या धातूवरून आलं, त्याची घडणसुद्धा ‘नाच’सारखीच, सामान्यांच्या जिभेवर झालेली. एकाला शास्त्रात जागा मिळाली आणि दुसऱ्याला ‘नाचगाणी’ म्हणून बाजूला ठेवलं. ध्वनींच्या नियमांनी हा भेद केलेला नाही.

## भेद कुणी केला?

माणसांनी. जे नाचून पोट भरत होते, त्यांच्याकडे समाज ज्या नजरेनं पाहत होता, ती नजर शब्दाला चिकटली. ‘नाच्या’ हा तमाशातला कसलेला कलावंत, पण तोच शब्द गल्लीत शिवी होतो. इंग्रजांनी हा शब्द ‘नॉच’ म्हणून उचलला; १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो आहे. १८९०च्या दशकात मद्रासमध्ये देवदासींच्या नाचाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिचं नावच ‘अँटी-नॉच’. पुढे १९३०च्या दशकात देवदासींच्या त्याच नाचाला, म्हणजे ‘सदिर’ला, प्रतिष्ठा मिळवून द्यायची वेळ आली, तेव्हा ‘भरतनाट्यम्’ हे संस्कृत नाव रुळवलं गेलं. तंजावरच्या कलावंतिणींनी जपलेल्या अडवू (नाचाच्या मूळ हालचाली) आणि पदांना नवं नाव मिळालं, आणि त्या कलावंतिणी मात्र मागे पडल्या. शब्द बदलण्याची किंमत कुणीतरी भरतं.

मराठीला यासाठी दुसरीकडे पाहायची गरज नव्हती. नामदेवांच्या नावावरचा अभंग घ्या: ‘नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी’. तुकोबांच्या अभंगात ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई, नाचती वैष्णव भाई रे’. भक्तीचा सर्वोच्च क्षण सांगायला या दोघांना ‘नृत्य’ लागलं नाही, आणि त्या ओळींत नाचाला कमीपणाचा स्पर्शही नाही. ज्ञान आणि नाच एका ओळीत शेजारी बसलेत.

## तर मग पत्रिकेवर काय छापायचं?

‘नृत्य’ हद्दपार करा, असं माझं म्हणणं नाही. शास्त्रीय परंपरेबद्दल बोलताना नृत्त, नृत्य, नाट्य हे भेद लागतात आणि ते त्याच शब्दांत नेमके सांगता येतात. ‘डान्स’ही राहणार, ‘डान्स बसवणे’ हा प्रयोग आता इतका रुळलाय की त्याला मराठीच म्हणायला हवं.

पण पालघरच्या वारली पाड्यावर तारपा वाजतो आणि माणसं कमरेभोवती हात गुंफून फिरतात, तिथले लोक त्याला ‘तारपा नाच’ म्हणत असतील, तर सरकारी फलकावर ‘तारपा नृत्य’ लिहिण्याचं काही कारण नाही. कोळ्यांच्या नाचाचं, जाखडीच्या नाचाचं तेच. ज्यांची कला, त्यांचा शब्द. स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकांनी ‘आता पाचवीच्या मुलांचा कोळी नाच’ असं माइकवर म्हणायला हरकत नाही. व्याकरण त्यांच्या बाजूनं आहे. अजूनही कुणी ‘अशुद्ध आहे’ म्हणून हटकलंच, तर त्यांना हेमचंद्राचं सूत्र सांगा, आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ ग्रंथालयात मिळतो, तोही दाखवा.